बत्त्या लावल्या की वायरलेस बंद : एका ट्रॉलरवरील वीजदोषाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरात लागणाऱ्या लाकडी ट्रॉलरचे आहे. बोट, नाखवा (बोटीचा मालक) आणि तांडेल (समुद्रात बोट चालवणारा प्रमुख) यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मोजमापे मात्र त्या त्या दिवशी वहीत लिहिली होती तशीच दिली आहेत. बोटींवरील वायरिंग, वायरलेस आणि जीपीएस यांची दुरुस्ती हे माझे काम आहे आणि या बोटीवर पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली होती. ती चूक कशी झाली हे नीट समजावे, हा या लेखनाचा मुख्य हेतू आहे.

बोट सुमारे पन्नास फुटांची. इंजिन सहा सिलिंडरचे डिझेल, सेल्फ २४ व्होल्टचा. इंजिनाच्या खणात १५० अँपिअर-तासांच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या होत्या. केबिनमध्ये तीन उपकरणे होती : २५ वॉटचा व्हीएचएफ वायरलेस, जीपीएस आणि फिश फाइंडर एकत्र असलेला एक सेट, आणि एआयएस ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा इतरांना आपोआप कळवणारे यंत्र. बोट २४ व्होल्टची आणि वायरलेस १२ व्होल्टचा, म्हणून कोणीतरी काही वर्षांपूर्वी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढून केबिनला १२ व्होल्ट दिले होते. ट्रकवर आणि बोटींवर ही पद्धत इतकी रूढ आहे की तिच्यात काही चूक असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. जीपीएस आणि ट्रान्सपॉन्डरही त्याच तारेवर चढवले होते.

अडचण

तक्रारी तीन होत्या. सेल्फ मारला की जीपीएसचा पडदा काळा होई आणि सेट पुन्हा सुरू होऊन उपग्रह पकडेपर्यंत काही मिनिटे जात. वायरलेसवर बोलण्याचे बटण दाबले की कधी आवाज तुटे, तर कधी सेटच बंद होऊन परत चालू होई. शिवाय चौदा महिन्यांपूर्वी घेतलेल्या बॅटऱ्यांपैकी एकीत वारंवार पाणी घालावे लागत होते.

मला बोलावण्यापूर्वी बरेच काही करून झाले होते. वायरलेस सदोष समजून नवा घेतला होता. काही दिवस तो बरा चालला आणि मग तोच प्रकार सुरू झाला. फ्यूज वरचेवर उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा घातला होता. फ्यूज हा सेटच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. तो तिप्पट केला की शॉर्ट झाल्यावर आधी तार जळते, आणि लाकडी बोटीत तार जळणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तांडेलने पहिल्याच दिवशी मला एक वाक्य सांगितले होते : “रात्री जाळं ओढायला बत्त्या लावल्या की वायरलेस मरतो. दिवसा काही होत नाही.” मी ते वहीत लिहून घेतले, पण त्यावर विचार केला नाही. दोषाचा पत्ता त्या वाक्यातच होता.

पहिली भेट

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपून हंगाम सुरू झाला होता. मी बोटीवर गेलो तेव्हा बर्फ भरून झाला होता आणि संध्याकाळच्या भरतीला बोट बाहेर पडणार होती. हाताशी जेमतेम दोन तास होते.

दुपारी, इंजिन बंद असताना, दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून व्होल्टेज २५.१ भरले. पूर्ण चार्ज झालेल्या अशा संचाचे विसावलेले व्होल्टेज २५.३ च्या आसपास असते, म्हणून मी बॅटऱ्या ठीक आहेत असे मानले. ही पहिली गफलत होती. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायला अर्धे मिनिटही लागले नसते.

त्यानंतर भार लावून पाहणे आवश्यक होते. वायरलेस नुसता ऐकत असतो तेव्हा अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज घेतो, पण २५ वॉटवर बोलताना तोच सेट साडेपाच अँपिअर ओढतो. त्यामुळे न बोलता घेतलेल्या मोजमापाला काही अर्थ नसतो. हिरव्या पडलेल्या, दोनच धाग्यांवर लटकलेल्या तारेतूनही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच वीज घेत नाही. हे मला ठाऊक होते. म्हणून मी अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे संदेश हवेत न सोडता वीज जिरवणारा भार, लावला, संकटकाळच्या हाकेसाठी असलेला सोळा क्रमांकाचा चॅनेल सोडून दुसरा निवडला, बटण दाबले आणि सेटच्या प्लगवरचे व्होल्टेज वाचले. ते ११.३ होते.

बॅटरीवर त्याच क्षणी १२.० होते, म्हणजे वाटेत ०.७ व्होल्ट हरवत होते. फ्यूजचा होल्डर आतून काळा पडला होता आणि स्विचचे पितळी पॉइंट खाल्ले गेले होते. दोन्ही बदलले, योग्य मापाचा फ्यूज घातला आणि पुन्हा मोजले तेव्हा ११.६५ आले. या सेटची मर्यादा १३.८ व्होल्टच्या वरखाली १५ टक्के, म्हणजे खालच्या बाजूला ११.७ इतकी होती. आकडा काठाच्याही किंचित खाली होता, पण इंजिन चालू झाले की डायनामो तो उचलून धरील असे समजून मी काम संपवले आणि बोट गेली.

दुसरी, आणि खरी, गफलत मोजण्याच्या रीतीत होती. प्लगच्या मागे हात पोचत नव्हता. म्हणून मी मीटरची काळी तार लांब जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली होती आणि केबिनमध्ये फक्त लाल टोक घेऊन फिरत होतो. यामुळे मला केवळ पॉझिटिव्हच्या वाटेवरची घट दिसत होती. सेटपासून बॅटरीपर्यंत परतणाऱ्या निगेटिव्ह तारेत जे काही हरवत होते, ते माझ्या मीटरच्या कक्षेबाहेर राहिले. मी सेटला मिळणारे व्होल्टेज मोजतच नव्हतो, आणि तरीही वहीत ‘सेटवर ११.६५’ असे लिहून मोकळा झालो होतो.

बोट परत आली

बारा दिवसांनी नाखवाचा फोन आला. जीपीएस सेल्फच्या वेळी पूर्वीसारखाच बंद पडत होता आणि वायरलेसवरून रात्री अजिबात बोलता येत नव्हते. एका रात्री वारा वाढला तेव्हा शेजारच्या बोटींनी माघारी फिरण्याविषयी दिलेला निरोप यांना ऐकू आला, पण यांचे उत्तर कोणालाच पोचले नाही. बाकीच्यांनी यांना बराच वेळ शोधले. हे ऐकून मला फार लागले, कारण काम झाले असे सांगून मीच बोट सोडली होती.

या वेळी हवामानाच्या इशाऱ्यामुळे सर्व बोटी तीन दिवस बंदरातच राहणार होत्या. मी सुरुवात तांडेलच्या वाक्यापासून केली. रात्र होण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते, रात्रीचा भार दिवसाच लावता येत होता. डेकवरच्या चारही एलईडी बत्त्या आणि नेव्हिगेशनचे दिवे भर दुपारी लावले. क्लॅम्प मीटरवर ते सर्व मिळून १० अँपिअर घेत होते. मग मीटरची दोन्ही टोके प्लगच्या दोन्ही पिनांवर धरली, त्यासाठी फळी उघडावी लागली, आणि वायरलेसचे बटण दाबले. ८.७ व्होल्ट आले आणि सेट बंद पडला.

आता निगेटिव्हची वाट टप्प्याटप्प्याने मोजली. बत्त्या बंद ठेवून फक्त वायरलेसच्या साडेपाच अँपिअरवर बॅटरीच्या टोकापासून इंजिनाच्या खणाच्या आडव्या फळीवरील बोल्टपर्यंत ०.१ व्होल्ट, त्या एका बोल्टवर ०.७५ आणि बोल्टपासून सेटपर्यंत ०.२५, अशी एकूण १.१ व्होल्टची घट निघाली. त्या बोल्टवर बोटीतल्या सगळ्या निगेटिव्ह तारा गोळा केल्या होत्या. डेकच्या बत्त्या २४ व्होल्टच्या असल्या तरी त्यांची परतीची वाट तीच होती. लग (तारेच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) आणि लग यांच्या मध्ये लोखंडी वॉशर घातलेले होते, ते गंजून फुगले होते आणि वरून टेप गुंडाळल्यामुळे बाहेरून सर्व व्यवस्थित दिसत होते.

हिशेब सोपा आहे. ०.७५ व्होल्ट भागिले ५.५ अँपिअर म्हणजे त्या बोल्टचा रोध सुमारे ०.१४ ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण बत्त्यांचे १० अँपिअर त्यातून गेले की आणखी १.४ व्होल्ट तिथेच जातात, आणि ते केबिनमधल्या प्रत्येक उपकरणाच्या वाट्यातून वजा होतात. शिवाय १० अँपिअरच्या वर्गाला ०.१४ ने गुणले तर १४ वॉट येतात. एवढी उष्णता रात्रभर एका बोल्टच्या बुंध्याशी, तेलकट फळीवर निघत होती. वॉशर काढल्यावर खालचे लाकूड कोळशासारखे काळे झालेले दिसले. नाखवा ते बघून बराच वेळ काही बोलला नाही.

बॅटऱ्यांचे गणित

त्या दिवशी बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. विसावलेल्या स्थितीत निगेटिव्हकडची, म्हणजे खालची, १२.३ आणि वरची १२.८ होती, आणि बेरीज पुन्हा तीच २५.१. इंजिन चालू केल्यावर डायनामोने एकूण २८.२ व्होल्ट दिले. ही बेरीजही योग्य होती, पण वाटणी १३.२ आणि १५.० अशी झाली होती.

याचे कारण मधला टॅप, म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून काढलेली ती १२ व्होल्टची तार. केबिनची सर्व उपकरणे फक्त खालच्या बॅटरीतून वीज घेतात, मात्र चार्जिंगचा प्रवाह सिरीजमुळे दोघींना सारखाच मिळतो. खालची जास्त देते आणि तिची भरपाई कधीच पूर्ण होत नाही. वरची आधीच भरलेली असते आणि तिच्यावर चार्जिंगचा मारा चालूच राहतो. वरचीचे पाणी वायू होऊन उडते आणि खालचीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा थर साचतो. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने वरच्या बॅटरीत १.२८ आणि खालचीत १.१९ ते १.२० दाखवले. वरचीच्या दोन खणांत प्लेटा उघड्या पडल्या होत्या. बॅटरी चांगली असूनही ती मारली जात होती, आणि नव्या घेतल्या असत्या तर त्यांचेही तेच झाले असते.

सेल्फच्या वेळचे कोडेही यातूनच सुटले. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेव्हा संचाचे व्होल्टेज १८ पर्यंत उतरत होते. त्यात दुबळ्या खालच्या बॅटरीचा वाटा आठाच्याही खाली जाई आणि जीपीएसला त्यावरच जगावे लागे. त्या सेटच्या मागच्या पट्टीवर मात्र ‘१० ते ३५ व्होल्ट’ असे छापलेले होते. तो २४ व्होल्टवर थेट चालू शकत होता आणि १८ व्होल्टपर्यंतचा उतार त्याला जाणवलाही नसता. इतकी वर्षे त्याला विनाकारण १२ व्होल्टवर ठेवले गेले होते.

विचारात घेतलेले पर्याय

नाखवाचा पहिला आग्रह नव्या बॅटऱ्यांचा होता. कारण न काढता बॅटऱ्या बदलणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च, हे आकडे दाखवल्यावर त्याला पटले.

दुसरा पर्याय टॅप तसाच ठेवून दोन बॅटऱ्यांमध्ये समतोल राखणारा इक्वलायझर बसवण्याचा होता. त्याने वाटणी सुधारली असती, पण सेल्फच्या वेळचा उतार राहिला असता.

तिसरा पर्याय २४ चे १३.८ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवण्याचा. याने टॅप कायमचा काढता येतो आणि दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार पडतो. यातला धोका असा की कन्व्हर्टर बिघडला तर वायरलेस मुका होतो. शिवाय स्वस्त कन्व्हर्टर रेडिओत खरखर निर्माण करतात.

चौथा पर्याय वायरलेससाठी केबिनमध्ये उंचावर वेगळी १२ व्होल्टची बॅटरी ठेवण्याचा होता. माझ्या मते हाच सर्वांत योग्य होता. बॅटऱ्या इंजिनाच्या खणात, बोटीच्या सर्वांत खालच्या भागात असतात. पाणी भरू लागले तर प्रथम त्या बुडतात आणि मदत मागण्याची नेमकी गरज असते तेव्हा वायरलेस जातो. मोठ्या जहाजांवर संकटकाळच्या रेडिओसाठी राखीव वीजस्रोत ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामागे हाच विचार आहे. परंतु तीन दिवसांत बॅटरी, तिचा चार्जर आणि लाटांत न हलणारी बैठक हे सर्व जमणार नव्हते. म्हणून तिसरा पर्याय तेव्हा करायचा आणि चौथा पुढच्या बंदीकाळात, असे ठरले.

प्रत्यक्ष काम

आधी खण उघडा ठेवून चार्जिंगचा वायू जाऊ दिला, मग बॅटऱ्यांची टोके सोडवली आणि त्यानंतरच बाकीचे काम हाती घेतले. जळका बोल्ट, त्याखालची फळी आणि मधला टॅप काढून टाकला. बॅटरीपासून केबिनपर्यंत उपकरणांसाठी ६ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारजोडी स्वतंत्र टाकली आणि तिचा फ्यूज बॅटरीलगत बसवला. साधे उघडे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आतल्या आत काळे पडत जाते. मुलाम्याच्या तारेचा जास्तीचा खर्च दोन हंगामांत वसूल होतो, हा माझा अनुभव आहे. डेकच्या बत्त्यांना वेगळी जोडी दिली, निगेटिव्हसह. केबिनमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हचा एकेक पितळी बस बार, म्हणजे अनेक तारा एकत्र जोडायची पट्टी, लावला. लग दाबून घट्ट केले आणि लगाला लग थेट भिडेल, वॉशर फक्त नटाखाली येईल, असे बसवले.

जीपीएस थेट २४ व्होल्टवर घेतला. ट्रान्सपॉन्डरच्या पट्टीवरही २४ व्होल्ट चालतात असे लिहिलेले होते, म्हणून तोही तिथेच घेतला. वायरलेससाठी १० अँपिअरचा कन्व्हर्टर बसवला, तोही बॅटरीपाशी न लावता सेटपासून हातभर अंतरावर. तारेत होणारी घट कन्व्हर्टरच्या आधी, २४ व्होल्टच्या बाजूला झाली, तर तो ती स्वतः भरून काढतो. त्याच्यापुढे झाली तर ती सेटला सोसावी लागते. शिवाय २४ व्होल्टवर त्याच कामाला प्रवाह जवळजवळ निम्मा लागतो.

खरखरीची चाचणी घेणे आवश्यक होते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएसमध्ये येणाऱ्या अडथळ्याबद्दल इशारा दिला होता आणि त्यात एक सोपी रीत सांगितली होती : शांत चॅनेल निवडायचा, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च (खरखर दाबण्याची सोय) ठेवायचा आणि मग दिवा लावायचा. खरखर परत आली तर अडथळा त्या दिव्याचा. मी हीच रीत बत्त्यांना आणि कन्व्हर्टरलाही लावली. कन्व्हर्टरसाठी सेट तात्पुरता वेगळ्या बॅटरीवर चालवून कन्व्हर्टर मध्येच चालू केला. पहिल्या कन्व्हर्टरने खरखर आणली, म्हणून तो परत केला. धातूच्या पेटीतला दुसरा आणला तो शांत निघाला.

परिणाम

सर्व बत्त्या चालू, इंजिन बंद आणि बटण दाबलेले, या सर्वांत वाईट स्थितीत प्लगच्या दोन पिनांवर १३.६ व्होल्ट मिळाले. केबिनच्या निगेटिव्ह बस बारपासून बॅटरीपर्यंतची घट ०.१३ होती. बोटींसाठीच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी मानकाप्रमाणे दिशादर्शक उपकरणांच्या वाटेवर ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट असू नये, आणि २४ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.७२. सेल्फ मारताना जीपीएस चालू राहिला. इंजिन चालू असताना एकूण २८.२ व्होल्टची वाटणी खालचीला १३.९ आणि वरचीला १४.३ अशी झाली. खालचीवर साचलेला थर असल्यामुळे ती समसमान झाली नाही, पण एकीत सारखे पाणी घालणे थांबले.

३१ मेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत, वायरलेसची तक्रार आली नाही. बॅटऱ्या मात्र वाचल्या नाहीत. जानेवारीत वरच्या बॅटरीचा एक खण मेला आणि सिरीजमध्ये जुनी-नवी जोडू नये म्हणून दोन्ही बदलाव्या लागल्या. तेव्हा नाखवा रागावला, आणि त्याचा राग समजण्यासारखा होता. मी सप्टेंबरमध्ये बॅटऱ्या बदलू नका असे सांगितले होते, पण यांचे आयुष्य बरेचसे संपलेले आहे, या हंगामातच खर्च येऊ शकतो, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीत वेळ कमी होता हे खरे, पण फळी उघडून प्लगच्या दोन्ही पिनांवर टोके धरायला आणि दिवसा बत्त्या लावून पाहायला मिळून दहा मिनिटे पुरली असती. मी फ्यूज होल्डर बदलण्यात त्याहून जास्त वेळ घालवला. काळा पडलेला होल्डर सापडला आणि दोष सापडल्याचे समाधान झाले, तिथेच शोध थांबला. आता भाराखाली सेटवर थेट मोजलेला आकडा मर्यादेच्या आत स्पष्टपणे आल्याशिवाय मी बोट सोडत नाही, आणि तो काठावर असेल तर तांडेलला तसे सांगतो, म्हणजे बाहेर पडायचे की नाही हे तो ठरवू शकतो.

तक्रार कधी उद्भवते आणि कधी नाही, हे मी आता मीटर काढण्यापूर्वी विचारतो. ‘दिवसा नाही, रात्री होते’ याचा अर्थ रात्री कोणता भार वाढतो ते पाहा, इतका सरळ होता.

वेगळ्या बॅटरीची जागा बंदीकाळात केबिनच्या छताखाली मोजून झाली आहे आणि सागवानी बैठक ठोकून झाली आहे. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची ठरली. दर दहा मिनिटांत एक मिनिट बोलले तर वायरलेसचा सरासरी खप एक अँपिअर पडतो, तेव्हा निम्मीच बॅटरी वापरली तरी इंजिनाचा खण पाण्याखाली गेल्यावर तांडेलला सुमारे सतरा तास बोलता येईल.